पाव, यीस्ट आणि कॅन्डिडा: पथ्य सुरू करण्याआधी कोणत्या क्रमाने काय बघायचं

पाव खाल्ला की पोट फुगतं. मोबाईलवर शोधलं की 'यीस्ट अ‍ॅलर्जी' सापडते, तिथून थोडं पुढे सरकलं की 'कॅन्डिडा' सापडतो, आणि दुसऱ्या दिवशी घरातून पाव, दही, इडली, गूळ, केळी सगळं हद्दपार होतं. महिन्याभराने वजन उतरलेलं असतं आणि तक्रार जिथल्या तिथे. मग माणूस लॅबमध्ये येतो आणि म्हणतो, "ताई, यीस्टची टेस्ट करा."

सोलापुरात रक्त-लघवीच्या काउंटरवर मी बावीस वर्षं बसले. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की आता त्या माणसानं आधी काय काय केलं असेल, ते मीच सांगू शकते. क्रम उलटा झालेला असतो. आधी औषध, मग पथ्य, मग टेस्ट, आणि नक्की काय होतंय हे बघणं सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम सरळ करून दिला आहे. मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्याकडे काय घेऊन जायचं आणि जाण्याआधी काय बिघडवून ठेवायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी हे: घरी प्रयोग कुणी करायचे नाहीत

काही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ-जीभ-डोळे सुजले, अंगभर पित्त उठलं, आवाज बसला, छातीत सूं सूं वाजायला लागलं, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊन पडायला झालं, असं एकदा जरी झालं असेल, तर चौथ्या टप्प्यातला स्वयंपाकघरातला प्रयोग तुमच्यासाठी नाही. थेट डॉक्टर. आत्ता होत असेल तर १०८ ला फोन करा, माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. अशा वेळी खरं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. सिट्रिझिनची गोळी देऊन 'बघू या' म्हणत बसू नका.

## टप्पा १: दोन भांडणं वेगळी करा

पावात घालतात ते यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. बिअरसाठीही तेच किंवा त्याचं जवळचं भावंड. कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्टच्याच प्रकारातली बुरशी, पण वेगळी. ती बेकरीतून येत नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात ती आधीपासून गुपचूप राहत असते.

पावातलं यीस्ट भट्टीत मरतं. ते पोटात जाऊन वाढत नाही आणि त्याचा कॅन्डिडाही होत नाही. ज्वारी पेरून गहू उगवत नाही, तसंच हे.

अ‍ॅलर्जीमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी प्रथिनावर चिडते. यीस्ट मेलेलं असलं तरी त्याची प्रथिनं शिल्लक असतात, म्हणून भाजलेल्या पावानेही त्रास होऊ शकतो. खाण्यातल्या यीस्टची अशी खरी अ‍ॅलर्जी क्वचित आढळते. कॅन्डिडा वाढतो तेव्हा गोष्ट उलटी असते: तिथे राखण ढिली पडलेली असते. साखर वाढलेली असते, अँटिबायोटिकने चांगले जिवाणू मेलेले असतात, स्टिरॉइड चालू असतं, किंवा एखादी जागा सतत ओली राहते.

मग दोघांचं नातं काय? एवढंच की त्यांची काही प्रथिनं, उदाहरणार्थ इनोलेज, एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे, विशेषतः जुनाट इसब असलेल्या माणसाच्या, तपासणीत दोन्ही एकदम पॉझिटिव्ह येऊ शकतात. 'पावाने कॅन्डिडा वाढला' किंवा 'कॅन्डिडामुळे पाव सोसेना झाला' असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त दिसलेली गोष्ट या दोन्हींपैकी एकही नसायची. गहू, मैदा, दूध, तळण, बद्धकोष्ठता, नाहीतर काही दिवसांआड येणारं आणि पिंपात साठवलेलं पाणी. शौचाच्या नमुन्यात जिआर्डिया (आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी) निघायचा आणि माणूस महिनाभर पावाला शिव्या देत बसलेला असायचा.

## टप्पा २: चौदा दिवसांची वही आणि औषधांची पिशवी

पहिले चौदा दिवस काहीही बंद करू नका. नेहमीसारखं खा आणि लिहा. (वरच्या इशाऱ्यातलं काही झालेलं असेल तर तो पदार्थ मात्र नको.)

वहीत पाच रकाने पुरतात: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, शरीरात नेमका कुठे, आणि किती वेळ टिकला. बायकांनी पाळीच्या तारखाही टाका. पुरळ उठलं तर लगेच फोटो काढा. दवाखान्यात नंबर येईपर्यंत पित्त विरून जातं आणि डॉक्टरांना दाखवायला हात कोरा राहतो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 'पावभाजी' असा एकच शब्द लिहिणं. पावभाजी हा एक पदार्थ नाही. त्यात पाव आहे, बटर आहे, वाटाणा-फ्लॉवर आहे, तिखट आहे, कधी रंगही आहे. वाटाणा आणि फ्लॉवर एकट्यानेही पोट फुगवतात. वडापावातही बेसन, तळलेलं तेल आणि वर भुरभुरलेली चटणी आली. त्या चटणीत शेंगदाणे असतात, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी यीस्टपेक्षा कितीतरी जास्त दिसते आणि जास्त धोक्याचीही असते. शेंगा चटणीवर संशय घेणं सोलापुरात जरा बंडखोरीच आहे, कळतंय मला, पण वहीत तिचा वेगळा रकाना हवाच.

दुसरी तयारी म्हणजे एक पिशवी. गेल्या दोन-तीन महिन्यांत पोटात गेलेलं किंवा अंगाला लावलेलं सगळं औषध तिच्यात टाका. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. त्यात ही पाच मुद्दाम हुडका:

- अँटिबायोटिकचा कोर्स
- दम्याचा पंप
- प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, आणि ज्याच्यावर काय आहे ते लिहिलेलं नाही अशी सांधेदुखीची पुडी
- खाजेची किंवा 'गोरं होण्याची' क्रीम
- साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. या गोळ्या चांगल्या आहेत, पण लघवीत साखर उतरल्यामुळे जननेंद्रियाच्या जागी कॅन्डिडाची खाज येणं हा त्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, बायकांमध्ये आणि पुरुषांमध्येही. पुरुष हे कुणाला सांगत नाहीत. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

तपासून पहा: वहीत चौदा दिवस पूर्ण झाले का? 'पाव' किमान तीन-चार वेळा, वेगवेगळ्या गोष्टींबरोबर आला का? नसेल तर आठवडाभर अजून लिहा.

## टप्पा ३: वेळ आणि जागा बघून रस्ता निवडा

वही उघडून दोनच प्रश्न विचारा: खाल्ल्यावर किती वेळाने? आणि कुठे?

काही मिनिटांत ते दोन तासांत, प्रत्येक वेळी, थोडंसं खाल्लं तरी पित्त, सूज, खोकला किंवा उलटी होत असेल, तर रस्ता अ‍ॅलर्जीचा. टप्पा ५ वर जा.

काही तासांनी पोट फुगणं, गुडगुड, गॅस, एका पावाने नाही पण चार पावांनी, असं असेल तर बहुधा पचनाचा प्रश्न. टप्पा ४.

खाण्याशी काहीच ताळमेळ नाही, पण एका ठरावीक जागी खाज, लाली, पांढरट थर किंवा स्राव आहे: तोंड, जांघ, स्तनांखाली, योनीमार्ग, शिश्नाचं टोक. मग टप्पा ६.

थकवा, डोकं जड, गोड खावंसं वाटणं, विसरभोळेपणा, एवढंच असेल तर? हीच यादी 'शरीरभर कॅन्डिडा' म्हणून फिरत असते. अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांना बुरशीचं औषध निस्टॅटिन आणि औषध नसलेली हुबेहूब गोळी देऊन तुलना करणारा एक अभ्यास १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. योनीमार्गाच्या तक्रारी औषधाने जास्त कमी झाल्या. थकवा वगैरे बाकीच्या तक्रारींमध्ये खरं औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आधी बघा. आपल्याकडे तिथेच काहीतरी निघतं.

## टप्पा ४: पाव काढा, पोळी ठेवा

या टप्प्यावर बहुतेक लोक घसरतात, आणि सोलापूरकर तर हमखास, कारण आपल्याकडे सुटकेचा मार्ग ताटातच आहे. पाव सोसत नाही म्हटल्यावर माणूस ज्वारीच्या भाकरीवर येतो. आठ दिवसांत बरं वाटतं. लगेच निकाल: "बघा, यीस्टच होतं!"

तसं ठरत नाही. भाकरीने यीस्ट गेलं, पण त्याच दमात गहूही गेला, मैदाही गेला. गुन्हेगार तिघांपैकी कोण, ते कळायचा मार्गच बंद झाला. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं, गव्हाची तपासणी आधी. सतत जुलाब, वजन उतरणं, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणं, असं असेल तर गहू खाणं चालू असतानाच सीलियाक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. गहू बंद करून महिना-दोन महिन्यांनी केलेली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग पुन्हा गहू खाऊन त्रास भोगा आणि पुन्हा रक्त द्या, अशी दुहेरी शिक्षा.

दुसरं, दोन आठवडे फक्त यीस्टचे पदार्थ बंद. पाव, ब्रेड, टोस्ट, बेकरीतलं कडक गोल बटर, पिझ्झा, बिअर. गव्हाची पोळी, शंकरपाळी, शेवया चालू ठेवा. नानकटाई आणि खारीत सहसा यीस्ट नसतं, पण बेकरीवाल्याला विचारा. बेकरीत 'ईस्ट' म्हणतात, तसंच विचारा. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर म्हणजे यीस्ट नव्हे, त्यांना घाबरू नका.

इडली-डोसा आंबवण्याचं मुख्य काम जिवाणू करतात, थोडं यीस्टही असतं. दह्याचं विरजण जिवाणूंचंच. द्राक्षांच्या सालीवरही नैसर्गिक यीस्ट असतं. या पातळीवर जाऊन सगळं बंद करायला लागलात तर ताटात भात आणि मीठ उरेल. पहिल्या फेरीत मोठे पदार्थ काढा, बस.

तिसरं, परत आणून बघा. ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि तिच्याशिवाय सगळी मेहनत पाण्यात. दोन आठवड्यांनंतर, बाकी खाणं नेहमीचं ठेवून, सकाळी दोन साधे पाव चहाबरोबर खा. बटर नको, भाजी नको, चटणी नको. दोन दिवस थांबून पुन्हा. आणखी दोन दिवसांनी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तोच त्रास, तेवढ्याच वेळाने झाला, तर त्याला अर्थ आहे. एकदाच झाला तर तो त्या दिवसाचा हिशोब.

चौथं, मैदा की यीस्ट? तिन्ही वेळा त्रास झाला तर हे करा. एक वाटी मैदा, मीठ, पाणी आणि चिमूटभर सोडा घालून तव्यावर जाड रोट्या भाजा. दुसऱ्या वेळी तेवढाच मैदा, तेवढंच मीठ, पण सोड्याऐवजी यीस्ट घालून, फुगवून, तशाच रोट्या भाजा. मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून दोन्ही सारख्या प्रमाणात खा. कोणत्या दिवशी कोणती, ते करणाऱ्याने ठरवावं, खाणाऱ्याने नाही. वासावरून कळतंच म्हणा, तरी निम्मा पूर्वग्रह कमी होतो.

सोड्याच्या रोटीनेही पोट फुगलं तर यीस्ट निर्दोष. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. ती लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात गेल्यावर जिवाणू त्यांचा गॅस करतात. कांद्या-लसणातही तीच असतात. गंमत अशी की पीठ जास्त वेळ फुगत ठेवलं तर यीस्ट यातली बरीचशी फ्रुक्टान खाऊन टाकतं. म्हणजे काहींच्या बाबतीत ज्याला आरोपी केलं तेच मदत करत असतं.

सावधान: मुलं, गरोदर बायका, मधुमेही आणि आधीच वजन उतरलेली माणसं यांच्यावर असली बंदी डॉक्टरांना न विचारता लादू नका. आणि दोन आठवड्यांचं काम सहा महिने चालवू नका.

## टप्पा ५: अ‍ॅलर्जीची तपासणी, बरोबर ती आणि फसवी ती

खऱ्या तपासण्या दोन. त्वचेवर थेंब टाकून हलकं टोचायची प्रिक टेस्ट, आणि रक्तातली यीस्टसाठीची स्पेसिफिक आयजीई (आयजीई म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडं).

प्रिक टेस्टला जाण्याआधी सिट्रिझिन, लिव्होसिट्रिझिन यांसारख्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस बंद असाव्या लागतात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही हीच औषधं दडलेली असतात, म्हणून पिशवी सोबत न्या आणि काय बंद करायचं ते त्यांनाच विचारा. दम्याचा पंप स्वतःहून बंद करायचा नाही. निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. नुसत्या सलाईनच्या थेंबापेक्षा गांधी किमान ३ मिलिमीटरने मोठी आली तर पॉझिटिव्ह धरतात. तुलनेसाठी टाकलेल्या हिस्टामिनच्या थेंबाची गांधी मात्र उठलीच पाहिजे; तीच उठली नाही तर गोळीचा असर उरलेला आहे आणि बाकी निकालाला अर्थ नाही.

रक्ताच्या तपासणीला गोळ्या बंद करायची गरज नसते, उपाशीपोटीही लागत नाही. ०.३५ च्या वरचा आकडा साधारणपणे पॉझिटिव्ह मानतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या प्रथिनाची ओळख ठेवली आहे, एवढंच. पाव खाऊन काही होत नसेल आणि आकडा पॉझिटिव्ह असेल, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. आधी वही, मग आकडा.

आता पैसे कुठे वाया जातात ते:

- टोटल आयजीई. दमा, इसब, पोटातले जंत, कशानेही वाढतं. यीस्टबद्दल काही सांगत नाही.
- शे-दोनशे पदार्थांचं आयजीजी पॅनल. रंगीत रिपोर्ट, लाल-पिवळी-हिरवी यादी. आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं; ती म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आलात, एवढीच नोंद. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना या तपासणीवरून पथ्य ठरवू नका असंच सांगतात. रोज ज्वारी खाणाऱ्याच्या यादीत ज्वारी लाल निघाली तर नवल कसलं!
- अस्का. नावात सॅकरोमायसिस आहे म्हणून लोकांना ही यीस्ट अ‍ॅलर्जीची टेस्ट वाटते. ती क्रोन नावाच्या आतड्याच्या आजाराच्या तपासात वापरतात.
- सकाळी पेल्यातल्या पाण्यात थुंकणं. लाळेचे धागे खाली उतरले की कॅन्डिडा, असं सांगतात. लाळेत म्युसिन असतं, ती चिकट असते, धागे कुणाच्याही उतरतील.
- शौचाच्या नमुन्यात 'यीस्ट सेल्स दिसल्या'. हे वाक्य मी स्वतः शेकडो रिपोर्टांत लिहिलंय. बहुतेक वेळा त्याचा अर्थ काहीच नसतो.

बेकरीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ. कामावर शिंका, खोकला, दम आणि सुट्टीच्या दिवशी आराम, असं असेल तर हवेतलं पीठ, पिठात घालायचं अमायलेज हे एन्झाइम आणि यीस्ट हे तिन्ही संशयित आहेत. हा श्वासाचा आजार आहे, पाव खाणं सोडून तो सुटत नाही. छातीच्या डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा.

## टप्पा ६: कॅन्डिडा: जागा बघा, साखर मोजा, नमुना द्या

साखर पहिली. कुठल्याही जागी वारंवार बुरशी होत असेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर, म्हणजे मधुमेहाच्या हद्दीत. नक्की करायला डॉक्टर पुन्हा तपासतील. एक बाई तीन महिने पाव, फळं, दही सोडून आल्या होत्या, सहा किलो उतरलेल्या. कॅन्डिडाचं पथ्य लागू पडतंय असं त्यांना वाटत होतं. साखर कधी कुणी बघितलीच नव्हती. उपाशीपोटी २८० निघाली, आणि वजन कशाने उतरत होतं तेही कळलं.

तोंड. सकाळी जिभेवर येणारा पांढरा थर म्हणजे कॅन्डिडा नव्हे. कॅन्डिडाचे ठिपके दह्याच्या कवडीसारखे असतात, गालाच्या आतून आणि टाळूवरही येतात, पुसले की खाली लाल, दुखरी जागा दिसते. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वापरावा आणि नंतर चूळ भरून थुंकावं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. कवळी घालून झोपणाऱ्यांच्या टाळूला बऱ्याचदा लाली येते.

सावधान: पांढरा चट्टा पुसूनही निघत नसेल आणि तंबाखू, मावा, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल, तर त्याला बुरशी समजून औषध लावत बसू नका. तो कर्करोगाच्या आधीचा चट्टा असू शकतो. त्याच आठवड्यात दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गिळताना छातीत दुखत असेल तर तेही थांबण्यासारखं नाही.

जांघ, काख, स्तनांखाली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लूमवर (यंत्रमागावर) बारा तास उभं राहायचं, कपडे घामाने चिंब. कॅन्डिडा असेल तर घडीत ओलसर लाली येते आणि कडेला सुटे लाल पुटकुळीसारखे ठिपके असतात. गोल कडा असलेला, मधून निवळत जाणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा, गजकर्ण. ती वेगळी बुरशी, उपचारही वेगळे. मेडिकलमधून मिळणाऱ्या 'थ्री-इन-वन' क्रीममध्ये जोरकस स्टिरॉइड असतं: दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा पसरतो आणि त्याचं रूपही बदलतं. मग ओळखणं डॉक्टरांनाही अवघड.

अंगावरून पांढरं जाणं. घट्ट, दह्यासारखा स्राव आणि खूप खाज असेल तर कॅन्डिडाचा संशय. पातळ, करडा, माशासारखा वास येणारा स्राव बहुधा जिवाणूंचा, त्याला बुरशीची गोळी चालत नाही. लक्षणांवरून स्वतः ओळखण्यात चूक फार होते. स्राव काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. साधी, स्वस्त तपासणी आहे. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर कल्चर (बुरशी वाढवून तिची जात ओळखायची तपासणी) मागा, कारण कॅन्डिडाच्या काही जातींना नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत.

नमुना देण्याआधी: आदले दोन दिवस आत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका, संबंध टाळा. त्वचेचा नमुना असेल तर मलम किती दिवस बंद ठेवायचं ते आधीच विचारून घ्या. मलम लावून आलेला नमुना निगेटिव्ह येतो आणि आम्हाला पुन्हा बोलवावं लागतं. खाजगीत परवडत नसेल तर सिव्हिलच्या त्वचा आणि स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. सकाळी लवकर जा.

## टप्पा ७: औषध, निदानानंतरच

फ्लुकोनाझोल १५० ची गोळी आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारखी खाल्ली जाते. योनीमार्गाच्या साध्या कॅन्डिडाला बहुधा एकच पुरते. 'दर आठवड्याला एक, पोट साफ राहील' असा काही उपचार नाही.

ती कुणाबरोबर भांडते, ते लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांबरोबर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनबरोबर रक्तस्रावाची भीती. काही हृदयाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांशीही जमत नाही. गरोदरपणात ही गोळी टाळतात आणि आतून लावायचं औषध देतात. म्हणून पिशवी इथेही सोबत.

साखर नॉर्मल असलेल्या माणसाने फळं, गूळ, दही सोडून कॅन्डिडा जातो याला भक्कम पुरावा नाही. मधुमेह्याने साखर आटोक्यात ठेवली तर मात्र नक्की फरक पडतो. घडीची जागा टिपून कोरडी ठेवणं, सुती कपडे, कामावर एक जादा जोड: हे कंटाळवाणं आहे, पण याने पुन्हा पुन्हा येणं कमी होतं.

## टप्पा ८: यीस्टची अ‍ॅलर्जी खरंच निघाली तर

अशी माणसं थोडी. पण त्यांना पाव सोडला की झालं असं वाटतं, आणि खरा धोका दुसरीकडे असतो.

अँटिबायोटिकबरोबर किंवा जुलाबावर पोटासाठी जे पाकीट देतात, त्यावर सॅकरोमायसिस बोलार्डी लिहिलंय का बघा. ते जिवंत यीस्ट आहे, पावातल्या यीस्टचा सख्खा भाऊ. डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला अ‍ॅलर्जी आधीच सांगा, नाहीतर ज्याच्यापासून वर्षभर पळालात तेच पाण्यात ढवळून प्याल. सूपची पाकिटं, चिप्सचे मसाले यांच्या मागे 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' शोधा.

हिपॅटायटिस बी ची लस यीस्टच्या मदतीने बनवतात. यीस्टची तीव्र अ‍ॅलर्जी सिद्ध झालेली असेल तर लस टोचण्याआधी सांगा, ते ठरवतील. 'मला पाव सोसत नाही' एवढ्यावर घरातल्या बाळाची लस मात्र चुकवू नका. असं करणारे आजी-आजोबा मी पाहिलेत.

तीव्र त्रास होऊन गेला असेल तर अ‍ॅड्रेनालिन जवळ कसं ठेवायचं आणि कधी, कुठे टोचायचं, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या आणि घरातल्या आणखी एकाला शिकवा. मोबाईलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी ठेवा: कशाची अ‍ॅलर्जी, कोणत्या गोळ्या चालू, घरचा नंबर. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलात आणि गाड्यावर काही खायची वेळ आली, तर 'यात ईस्ट आहे का' असं विचारून उपयोग नाही, गाडीवाला पाव बाहेरून आणतो. तिथे पाव नसलेलंच घ्या. कडक भाकरी आणि पिठलं मिळालं तर उत्तम. शेंगा चटणी, वहीने परवानगी दिली असेल तरच.